जे नाही त्याची ऊर्जा

मिश्रधातू म्हणजे तिच्यात पडलेल्या धातूंची बेरीज, की त्यांच्यापासून निपजलेले तिसरेच द्रव्य? हा प्रश्न ओतारी आणि सोनार यांच्या कामातून उभा राहिला, पण त्याचे उत्तर त्यांच्याकडे कोणी मागितले नाही. तत्त्वज्ञांनी तो आपल्याकडे घेतला, कारण त्याच्या पोटात त्याहून मोठा प्रश्न आहे. अनेक वस्तू एकत्र आल्यावर जो गुण दिसतो तो आधीपासून त्यांच्यात होता, की नव्याने आला? तांबे मऊ, कथील त्याहून मऊ. दोन्ही एकत्र ओतली की कासे होते, आणि ते कठीण असते, खणखणीत वाजते. हा कठीणपणा कुठून आला याचे जे उत्तर द्यावे, तेच पुढे शरीरातल्या चैतन्याबद्दलही द्यावे लागेल, ही धास्ती भारतीय दर्शनांच्या वादामागे सतत जाणवते. धातूंपुरते पाहिले तर गेल्या दीडशे वर्षांत ऊष्मागतिकीने या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देण्याची रीत बसवली आहे. तिची अट एकच: प्रश्न विचारताना तापमान सांगावे लागते.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आरुणी श्वेतकेतूला तीन दृष्टान्त देतो: मातीचा गोळा, शांकरभाष्यानुसार सोन्याचा गोळा, आणि लोखंडाचे नखे काढायचे हत्यार. एक गोळा जाणला की त्याचे सारे विकार जाणले. घाट आणि नाव बदलते, द्रव्य बदलत नाही. ज्ञानदेवांनी चांगदेवाला लिहिलेल्या पासष्ट ओव्यांतही सोने आणि लेणे यांचा दृष्टान्त आहे. लेणे घडताना सोन्यात काही उणेअधिक होत नाही, तसेच जगाच्या रूपाने प्रकटताना मूळ तत्त्वात काही उणेअधिक होत नाही, असा त्याचा रोख. घाटापुरता हा दृष्टान्त निर्दोष आहे. मात्र शुद्ध सोन्याचे लेणे रोजच्या वापरात टिकत नाही, ते वाकते आणि झिजते. बावीस कॅरटच्या दागिन्यात हजार भागांत ९१६ भाग सोने असते. बाकीचे तांबे, चांदी वगैरे. तिसरा दृष्टान्त तर अधिकच अडचणीचा, कारण धार टिकायची तर लोखंडात थोडा कार्बन लागतोच. अद्वैताला हवे होते विकार आणि मूळ यांचे नाते, आणि त्यासाठी एकाच द्रव्याचा दृष्टान्त पुरला. दोन द्रव्ये एकमेकांत मुरतात तेव्हा काय होते, हा प्रश्न त्या दृष्टान्ताच्या कक्षेबाहेर राहिला.

तो किती अवघड आहे ते सोन्या-तांब्याच्या जोडीतच दिसते. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, शुद्ध तांबे १०८५ अंशांना. पण ठरावीक प्रमाणातले मिश्रण ९१० अंशांच्या आसपासच पाणी होते. नुसती बेरीज असती तर वितळण्याचा अंक या दोहोंच्या मधे कुठेतरी पडायला हवा होता. अठरा कॅरटच्या तांबूस सोन्यात वजनाने तीन भाग सोने आणि एक भाग तांबे असते. सोन्याचा अणू तांब्याच्या अणूच्या तिपटीहून थोडा जड, त्यामुळे अणू मोजले तर दोन्ही जवळपास सारखे भरतात. सुमारे ४१० अंशांच्या वर हे अणू एका सामाईक जाळीत वाटेल तसे बसलेले असतात. त्याखाली सावकाश निवू दिले तर ते थर लावतात: एक थर सोन्याचा, एक तांब्याचा. अशी लगड कडक होते, घडवताना चिरते. म्हणून तापवलेले तांबूस सोने लगेच पाण्यात विझवतात, म्हणजे अणूंना थर लावायला सवड मिळत नाही. वजन तेच, अणू तेच, प्रमाण तेच, आणि तरीही हाताला दोन वेगळ्या वस्तू लागतात.

कार्य आणि कारण यांच्या नात्याबद्दल दर्शनांचे तट ठरलेले आहेत. सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य कारणात आधीच असते, फक्त अव्यक्त. तिळात तेल असते म्हणून निघते, वाळूत नसते म्हणून निघत नाही. न्याय-वैशेषिकांच्या आरंभवादानुसार अवयव जुळल्यावर अवयवी हे खरोखर नवे द्रव्य निर्माण होते. ते आधी नव्हते. चार्वाकांनी यापुढे उडी मारली. किण्व आणि धान्य यांच्यात वेगवेगळेपणी मादकता नसते, पण दोन्ही एकत्र मुरल्यावर ती येते. तसेच महाभूतांच्या संयोगातून चैतन्य येते, वेगळा आत्मा मानायचे कारण नाही. त्यांचे हे मत चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात पहिल्याच प्रकरणात मांडलेले आहे. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी त्या ग्रंथावर संस्कृत टीका लिहिली आणि ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२४ मध्ये छापली.

नैयायिकांची कुचंबणा इथे स्पष्ट होते. नवे द्रव्य त्यांना मान्य, पण नव्या द्रव्याचे गुण अवयवांच्या गुणांतूनच आले पाहिजेत, असा त्यांचा नियम. तो सोडला तर चार्वाकाला दार उघडे होते. या नियमाला त्यांनी एक अपवाद ठेवला, तो पाक, म्हणजे अग्नीच्या संयोगाने होणारा बदल. कच्चे मडके काळपट असते, भट्टीतून लाल निघते. ही लाली अवयवांकडून आलेली नाही, तापातून आली आहे. ती नेमकी कशी आली यावरही दोन पक्ष पडले. वैशेषिकांच्या पीलुपाकवादात मडके परमाणूंपर्यंत विस्कटते, परमाणू लाल होतात आणि मडके पुन्हा जुळते. नैयायिकांच्या पिठरपाकवादात मडके अखंड राहूनच रंग बदलते. वाद कितीही सूक्ष्म वाटला तरी त्यातली एक गोष्ट मोलाची आहे: नवेपणाचा उगम दाखवताना या परंपरेने बोट ठेवले ते उष्णतेवर.

धातूंबद्दलचा या परंपरेतला सर्वांत धीट युक्तिवाद सोन्याचा आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात सोने पृथ्वीत न धरता तेजात, म्हणजे अग्नीच्या वर्गात धरले आहे. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी १८९७ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत काढलेल्या आवृत्तीमुळे हा छोटा ग्रंथ महाराष्ट्रातल्या कॉलेजांत पोचला. अन्नंभट्टाच्या स्वतःच्या दीपिका टीकेतला युक्तिवाद असा. तूप हे पार्थिव द्रव्य. ते तापवत राहिले तर त्याचा पातळपणा नष्ट होतो, तूप जळून जाते. पण तेच तूप पाण्यात असेल तर पाणी त्या नाशाला आड येते. आता सोने कितीही वेळ प्रखर आगीत ठेवले तरी त्याचा पातळपणा जात नाही. सोन्यातला पिवळा, जड भाग पार्थिव आहे. मग त्याचा पातळपणा टिकवणारे दुसरे एखादे द्रव द्रव्य त्याच्यात असलेच पाहिजे. ते पार्थिव असू शकत नाही, जलही नाही. म्हणून ते तेज.

निष्कर्ष चुकीचा आहे, हे सांगायला फारसे धाडस लागत नाही. सोने जळत नाही कारण ऑक्सिजनशी त्याची संयुगे टिकत नाहीत. लक्ष द्यायला हवे ते युक्तिवादाच्या घडणीकडे. तापमान वाढवत नेल्यावर पदार्थ कसा वागतो हे पाहायचे, ते वागणे दिसणाऱ्या घटकांतून जुळत नसेल तर न दिसणारा एक घटक मानायचा, आणि तो मानताना आवश्यक तेवढाच मानायचा. शास्त्रकार याला लाघव म्हणतात, अनावश्यक कल्पनेला गौरव. झळकीच्या भीमाचार्यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईत रचलेल्या न्यायकोशात या संज्ञांची नोंद आहे. पुढे १९२८ मध्ये त्या कोशाची वाढवलेली आवृत्ती काढली ती सर्वदर्शनसंग्रहावर टीका लिहिणाऱ्या अभ्यंकरशास्त्र्यांनीच.

ऊष्मागतिकीची रीत समजायला एक राशी पुरते. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात ती मांडली. ठरलेल्या तापमानाला आणि दाबाला पदार्थाच्या ज्या रचनेची गिब्ज ऊर्जा सर्वांत कमी, ती रचना टिकाऊ. या ऊर्जेचे दोन भाग पडतात. एन्थाल्पी अणूंच्या परस्परबंधांचा हिशेब ठेवते. एन्ट्रॉपी अणूंना राहण्याचे किती मार्ग मोकळे आहेत त्याचा. एन्थाल्पीतून तापमान गुणिले एन्ट्रॉपी वजा केली की गिब्ज ऊर्जा मिळते. तापमान कमी असते तेव्हा बंधांचे चालते. वाढले की मोकळेपणाचे पारडे जड होते. ऊष्मागतिक प्रतिमान म्हणजे प्रत्येक मूलद्रव्यासाठी आणि त्याच्या प्रत्येक रचनेसाठी या ऊर्जेचे तापमानानुसार बदलणारे समीकरण लिहिणे.

शुद्ध लोखंडाचे समीकरण या साऱ्यांत सर्वांत खट्याळ. साध्या तापमानाला लोखंडाची जाळी शरीरकेंद्रित असते: घनाच्या आठ कोपऱ्यांवर अणू आणि एक मध्यभागी. ९१२ अंशांना ती पृष्ठकेंद्रित होते, म्हणजे कोपऱ्यांखेरीज प्रत्येक फलकाच्या मध्यावर अणू. या बदलात लोखंड सुमारे एक टक्का आकसते, तापत असताना. १३९४ अंशांना जाळी पुन्हा पहिल्या रचनेकडे वळते आणि १५३८ अंशांना लोखंड वितळते. सोडून दिलेल्या रचनेकडे परत का जावे, याचे उत्तर चुंबकत्वात आहे. कमी तापमानाला शरीरकेंद्रित रचना टिकते ती चुंबकत्वाच्या आधाराने. हा आधार ७७० अंशांना सरतो, पण त्याचा प्रभाव त्यानंतरही काही काळ रेंगाळतो. पीलुपाक आणि पिठरपाक यांपैकी कोणाचा पक्ष लोखंड घेते? कोणाचाच नाही. तुकडा अखंड राहतो, अणूही तेच राहतात. बदलते ती अणूंची मांडणी. दोन्ही पक्षांनी गुणाचा आश्रय शोधला अवयवात किंवा अवयवीत. रचना हा तिसरा आश्रय त्यांच्या पदार्थांच्या यादीत नव्हता. संयोग नावाचा गुण होता, पण त्याच्याकडून त्यांनी एवढे काम घेतले नाही.

आज या समीकरणांचा पायाभूत तक्ता म्हणजे अॅलन डिन्सडेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला ७८ मूलद्रव्यांचा संग्रह. त्यात शून्य कुठे मानले आहे हे पाहण्यासारखे आहे. ऊर्जेचे निरपेक्ष मूल्य मोजता येत नाही, फरक तेवढा मोजता येतो. म्हणून २५ अंश सेल्सिअसला आणि एक बार दाबाला मूलद्रव्याच्या स्थिर रूपाची एन्थाल्पी शून्य धरतात. फॉस्फरसच्या बाबतीत तर पांढरा फॉस्फरस धरतात, जरी तो सर्वांत स्थिर नाही, कारण तो हमखास सारखा बनवता येतो. कथलाचे संदर्भरूप चकचकीत पांढरे कथील. पण १३.२ अंशांच्या खाली स्थिर रूप आहे करड्या भुकटीचे. संदर्भाचे तापमान दहा अंश धरले असते तर शून्याचा मान त्या भुकटीला गेला असता. म्हणजे ज्या पायावर सारी गणिते उभी आहेत तो निसर्गाने दिलेला नाही, सोयीने ठरवलेला आहे; आणि तरीही त्यावरून काढलेले फरक खरे असतात. परमार्थ आणि व्यवहार यांच्या सत्तेबद्दल बोलणाऱ्यांनी हे उदाहरण हाताशी ठेवावे.

‘शुद्ध’ या विशेषणाचेही तसेच आहे. मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हा रब्बीचा वाण तयार झाला, तेव्हा शेतात वाण आयता उभा नव्हता; मिसळीच्या पिकातून वेचून, वेगळे पेरून तो शुद्ध करावा लागला. धातूही खाणीतून शुद्ध निघत नाही. तक्त्यातले शुद्ध लोखंड ही भेसळ कमी करत गेल्यावर जवळ येणारी मर्यादा आहे. ज्याला मूळ म्हणतात ते अनुभवात आधी येत नाही. आधी येते ते मिश्रण.

यापुढचा टप्पा खरा तात्त्विक. पितळेत साधारण पस्तीस टक्क्यांपर्यंत जस्त असले तरी तिची जाळी तांब्याचीच, पृष्ठकेंद्रित राहते. जस्ताचे अणू त्या जाळीत तांब्याच्या जागा घेतात. जस्ताची स्वतःची जाळी मात्र षट्कोनी. या पितळेची ऊर्जा लिहायची तर दोन टोके लागतात: शंभर टक्के तांबे त्या जाळीत, आणि शंभर टक्के जस्त त्याच जाळीत. पहिले टोक प्रत्यक्षात आहे. दुसरे, पृष्ठकेंद्रित जस्त, नाही. तरी त्याच्या ऊर्जेला आकडा दिल्याशिवाय डोळ्यांसमोरच्या पितळेचे गणित सुटत नाही. अमेरिकन धातुशास्त्रज्ञ लॅरी कॉफमन यांनी १९५९ मध्ये टायटॅनियम आणि झिर्कोनियम यांच्या जाळ्यांच्या स्थैर्याबद्दल निबंध लिहिला आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रत्येक रचनेला, ती असो वा नसो, ऊर्जा द्यावी हा विचार रुजवला. १९७० मध्ये हॅरॉल्ड बर्नस्टाइन यांच्यासह त्यांनी संगणकाने प्रावस्था-आलेख, म्हणजे कोणत्या तापमानाला आणि प्रमाणाला कोणती रचना टिकते याचे नकाशे, काढण्यावर पुस्तक लिहिले. १९७७ पासून या रीतीचे ‘कॅल्फॅड’ हे नियतकालिक निघते. झिर्कोनियम ८६३ अंशांना षट्कोनी जाळी सोडून शरीरकेंद्रित होते. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतल्या दाब-नळ्या झिर्कोनियममध्ये अडीच टक्के निओबियम घालून करतात, आणि निओबियम कायमच शरीरकेंद्रित. त्याला षट्कोनी जाळीत मोजायचे तर तेही ‘नसलेलेच’ द्रव्य. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या श्रीकुमार बॅनर्जी आणि प्रदीप मुखोपाध्याय यांचा टायटॅनियम आणि झिर्कोनियम मिश्रधातूंतल्या रूपांतरांवरचा जाडजूड ग्रंथ २००७ मध्ये निघाला; या दोन धातूंवर महाराष्ट्रात किती काम झाले आहे याची कल्पना त्यावरून येते.

जे नाही त्याला गुण कसा असेल? हा प्रश्न सशाच्या शिंगाच्या निमित्ताने शतकानुशतके चघळला गेला. बौद्ध तार्किकांचे म्हणणे, शशशृंग असत् आहे आणि तरी त्याच्याबद्दल सार्थ वाक्य बोलता येते. आत्मतत्त्वविवेक लिहिणाऱ्या उदयनाचार्यांना आणि त्यांच्या परंपरेला ते पटले नाही. अभावाला त्यांनी स्वतंत्र पदार्थ मानले, पण एक बंधन घालून: ज्याचा अभाव सांगायचा ते कुठेतरी असले पाहिजे. ससा आहे, शिंगही गाईच्या डोक्यावर आहे. नाही तो सशाच्या डोक्याशी शिंगाचा संबंध. पृष्ठकेंद्रित जस्ताचे अस्तित्व नेमके याच रीतीने उलगडते. जस्त आहे, पृष्ठकेंद्रित जाळी आहे, नाही तो त्या दोहोंचा निर्भेळ संबंध. आणि त्याची ऊर्जा मिळते तीही आकाशातून नाही: पितळेत जस्त वाढवत जावे, मोजमापांची रेघ पुढे ओढत शंभर टक्क्यांपर्यंत न्यावी, तिथे जो आकडा येईल तो त्याचा. नसलेल्या वस्तूचा गुण असलेल्या मिश्रणातून वाचला जातो. नैयायिकाला यात आक्षेप घेण्यासारखे फार थोडे सापडेल.

बौद्धांची बाजू मात्र टंगस्टनने काहीशी सावरली. विमानाच्या इंजिनातल्या निकेलच्या मिश्रधातूंत टंगस्टन घालतात. निकेलची जाळी पृष्ठकेंद्रित, टंगस्टनची शरीरकेंद्रित. रेघ पुढे ओढण्याच्या रीतीने पृष्ठकेंद्रित टंगस्टनची ऊर्जा स्थिर टंगस्टनपेक्षा मोलला सुमारे १९ किलोज्यूल जास्त येते. १९८० च्या दशकापासून क्वांटम सिद्धान्तातून, कोणत्याही प्रयोगाचा आधार न घेता, हेच आकडे काढता येऊ लागले, तेव्हा उत्तर दुपटीहून अधिक आले. पुढे उघड झाले की निरपेक्ष शून्याजवळ ही रचना क्षणभरही उभी राहू शकत नाही. अणू किंचित हलले की ती कोसळते. तेव्हा नसलेल्यांतही दोन जाती आहेत. पृष्ठकेंद्रित जस्त नाही, पण असते तर थोडा वेळ टिकले असते. पृष्ठकेंद्रित टंगस्टन असूच शकत नाही. दुसऱ्या जातीच्या वस्तूला ऊर्जा असते असे म्हणण्यात अर्थ आहे का, यावर धातुशास्त्रज्ञांत खरोखरचा मतभेद झाला. पुष्कळांनी जुना आकडा वापरात ठेवला, कारण त्याने प्रत्यक्ष मिश्रधातूंचे गणित बरोबर येते. सत्य की उपयोग, हा वाद प्रयोगशाळेच्या भाषेत झाला एवढाच फरक.

टोके ठरली की मिश्रणाची ऊर्जा तीन पदांनी लिहितात. पहिले पद म्हणजे घटकांच्या ऊर्जांची प्रमाणशीर बेरीज. सांख्यांना हवे ते इथे आहे: मिश्रणातले हे सारे घटकांत आधीच होते. दुसरे पद मिसळण्याच्या एन्ट्रॉपीचे. दोन जातींचे अणू परस्परांबद्दल पूर्ण उदासीन असले तरी ते येते, कारण एकाच जाळीत त्यांना बसवण्याचे मार्ग अगणित वाढतात. दोन धातू समप्रमाणात असतील तर ही वाढ मोलला केल्विनमागे ५.७६ ज्यूल, मग ते सोने-तांबे असो की लोखंड-क्रोमियम. हा गुण कोणत्याही एका अणूत नाही, समूहातच आहे, आणि त्याचा प्रभाव तापमानाच्या प्रमाणात वाढतो. तिसरे पद अतिरिक्त ऊर्जेचे. अणूंचे परस्परांशी असलेले आकर्षण किंवा वैर त्यात येते. प्रयोगातल्या बिंदूंमधून वक्ररेषा नेण्यासाठी या पदात सहगुणक कितीही घालता येतात, आणि तिथेच अभ्यासकाची परीक्षा होते. जास्त सहगुणकांनी बिंदू जुळतात पण अज्ञात प्रदेशात रेषा भरकटते. लाघवाचा नियम इथे शैलीचा राहत नाही, बरोबर आणि चूक यांचा होतो.

अतिरिक्त पदाने आणखी एक गोष्ट शिकवली. दोन-दोन धातूंच्या जोड्या नीट मोजल्या की तीन, चार, पाच धातूंच्या मिश्रणाचे वागणे बरेचसे त्यातूनच सांगता येते. तिघांच्या एकत्र नात्याची दुरुस्ती लहान असते आणि चौघांची बहुधा सोडून देतात. घरोघरच्या देव्हाऱ्यांत पंचधातूच्या मूर्ती असतात. पाच धातूंत जोड्या दहा आणि त्रिकुटे दहा. एवढ्या वीस नात्यांत त्या मूर्तीचे जवळपास सारे गणित मावते. त्या गणितातून निघते ते मात्र श्रद्धाळूला अनपेक्षित असेल. पाचांची एकजीव धातू सहसा होत नाही. शिसे घन तांब्यात जवळपास विरघळतच नाही. ते बारीक थेंबांच्या रूपात अडकून राहते, आणि बाकीची मूर्ती गोठल्यावरही ३२७ अंशांच्या आसपास येईपर्यंत पातळच असते. लोखंड घातले असेल तर चांदीशी आणि शिशाशी ते वितळलेल्या अवस्थेतही फटकून राहते. पूजेला याने बाध येत नाही. प्राणप्रतिष्ठा मूर्तीची होते, प्रावस्थेची नव्हे. पण पाचांचे ऐक्य आपोआप होते असे मानणाऱ्याला धातू दुजोरा देत नाहीत.

पाचांचे खरे ऐक्य साधलेही. २००४ मध्ये ब्रिटनमधले ब्रायन कँटर आणि तैवानमधले जिएन-वेइ येह यांनी स्वतंत्रपणे दाखवले की काही धातू समप्रमाणात घेतल्या तर एकाच साध्या जाळीचा घन मिळतो. कँटर यांच्या मिश्रणात लोखंड, कोबाल्ट, क्रोमियम, मँगनीज आणि निकेल होते. मोठी एन्ट्रॉपी या ऐक्याला हातभार लावते असे म्हटले गेले आणि अशा धातूंना नावही त्यावरूनच पडले. पण हीच धातू ५०० आणि ७०० अंशांना पाचशे दिवस ठेवल्यावर तिच्यातून वेगळ्या प्रावस्था सुटून निघाल्या. ९०० अंशांना ती एकजीव राहिली. ऐक्य होते, ठरावीक तापमानाच्या वर.

यावरून सत्कार्यवाद खरा की आरंभवाद, असा एकच निवाडा मागणे गैर ठरते. तिन्ही पदे एकाच वेळी खरी असतात आणि कोणाचे वजन किती ते तापमान ठरवते. चार्वाकाला काही अंशी बळ मिळते, कारण दुसरे पद घटकांत नसलेला, समूहाचाच गुण दाखवते. पण त्याच्या पुढच्या उडीला त्याचा आधार नाही: एन्ट्रॉपीचे पद घटकांच्या प्रमाणांवरून अगोदर काढता येते, अतिरिक्त पद जोड्यांवरून मोजता येते. मिश्रधातूतले नवेपण हिशेबात बसणारे आहे. चैतन्याचा असा कोणताही हिशेब मांडलेला नाही. पितळेच्या दाखल्यावरून आत्म्याबद्दल काही सिद्धही होत नाही आणि खंडितही होत नाही. प्राचीनांना ऊष्मागतिकी माहीत होती असा दावाही याच कारणाने पोकळ ठरतो. त्यांच्याकडे प्रश्न होते, आणि ते नेमके होते. तापमान मोजण्याचे साधन नव्हते.

गिब्ज ऊर्जा काय टिकेल ते सांगते, केव्हा ते सांगत नाही. याचा दाखला मोहोळवरून जाणाऱ्या पुणे-सोलापूर रेल्वेच्या रुळातच आहे. रुळाच्या पोलादात साधारण पाऊण टक्का कार्बन असतो आणि ७२७ अंशांच्या खाली तो लोखंडाशी मिळून सिमेंटाइट नावाचे कठीण संयुग होतो. मऊ लोखंडाचे आणि या संयुगाचे पातळ पदर आलटून पालटून बसतात, आणि रुळाला झीज सोसण्याचे बळ त्यातून येते. हिशेबाप्रमाणे सिमेंटाइट टिकाऊ नाही. लोखंड आणि ग्रॅफाइट यांची ऊर्जा त्याहून कमी. तरी ते फुटत नाही, कारण साध्या तापमानाला अणूंना तेवढी हालचाल जमत नाही. सोलापूर जिल्ह्यात थंडीतल्या काही रात्री पारा १३ अंशांच्या खाली जातो. पितळी पातेल्याच्या कल्हईतले कथील तेव्हा करडे व्हायला हवे, पण होत नाही. पृष्ठकेंद्रित टंगस्टन नाही आणि त्याला आकडा द्यावा लागतो. सिमेंटाइट अंती उरू नये आणि त्यावरून गाड्या धावतात. नित्य आणि अनित्य अशी दोनच घरे ठेवणाऱ्या विचाराला या मधल्या जातीसाठी जागा करावी लागते. बौद्धांच्या क्षणिकवादातही ती बसत नाही, कारण इथे प्रत्येक क्षणी नाश घडत नाही. नाश फक्त शक्य असतो.

डिन्सडेल यांच्या तक्त्यातली समीकरणे साधारणपणे २९८ केल्विनपासून वर लागू होतात. ती निरपेक्ष शून्यापर्यंत नेण्याचे काम १९९५ मध्ये जर्मनीतल्या रिंगबर्ग इथे झालेल्या बैठकीपासून चालू आहे. त्या टोकाला ऊष्मागतिकीचा तिसरा नियम लागू होतो: परिपूर्ण स्फटिकाची एन्ट्रॉपी शून्य. तापमान शून्य झाले की मिसळण्याच्या पदाचे वजनही शून्य होते, आणि समतोलात विस्कळीत मिश्रणाला कारण उरत नाही. घटकांनी एक तर सुटे व्हावे, नाहीतर ठरलेल्या प्रमाणात रांगा लावून बसावे. लोखंड आणि शिसे पहिला मार्ग घेतात, समसमान सोने-तांबे दुसरा. प्रत्यक्षात त्या तापमानाला ना सुटे होणे घडते ना रांगा लावणे, कारण अणू जागचे हलतच नाहीत. खोलीच्या तापमानालाही ही हालचाल अतिशय मंद असते. पाण्यात विझवलेल्या तांबूस सोन्यातले अणू म्हणून बहुतांशी तसेच राहतात जसे ते ४१० अंशांच्या वर बसले होते.